कोल्हा जावई आणि चुकलेला मामा

पांढुर्ण्याच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या इंदूबाईंनी लोककथांची पुस्तकं काढायला सुरुवात केली ती १९८१ साली, आणि ती काही कुणी मागितली म्हणून नाही. गोष्टी ऐकायच्या, पोरांना कळतील अशा लिहायच्या, चित्रंही आपणच काढायची. पहिल्या पुस्तकातल्या सगळ्या राण्या शेजारच्या लीलाबाईसारख्या दिसत होत्या आणि सगळे राक्षस हेडमास्तरांसारखे. हेडमास्तरांनी पुस्तक फार कौतुकानं वाचलं. त्यांना काही कळलं नाही. राक्षसांना कधी कळतं?

लीलाबाई म्हणजे इंदूची गोष्टींची खाण. पण खाणीला वेळकाळ होता. दिवसा गोष्ट सांगायची नाही, सांगितली की घरातल्या लेकराचा मामा रस्ता चुकतो, हा तिथला जुना धाक. दिवे लागल्यावर सांगायची, तर संत्र्याच्या तोडणीवरून थकून आलेली बाई अर्ध्यातच घोरायला लागे. ‘कोल्हा जावई’चं तसंच झालं होतं. कोल्हा धोतरात शेपूट लपवून सासुरवाडीला येतो, सासू पाट मांडते, पुरणपोळी वाढते... आणि दर खेपेला कोल्हा पाटावर बसला की लीलाबाई आडवी.

१९८४च्या दिवाळीला दुसरं पुस्तक यायचं होतं. इंदूचा भाऊ प्रभाकर रविवारच्या गाडीनं नागपुराहून येऊन मजकूर छापखान्यात नेणार होता. आणि कोल्हा अजून पाटावरच!

त्या रविवारी इंदू भर दुपारी लीलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"मावशी, आता सांगाच."

"नाही वं माय. तुह्या पोरीचा मामा कोठी हाय?"

"गाडीत हाय. अन् गाडी रुळावरून चालते मावशी. रूळ सोडून कोठी जाईन?"

लीलाबाईनं विचार केला. रुळाचा मुद्दा तिला पटला. तिनं सांगून टाकलं. गावाला शेपूट दिसतं, लोक ओरडतात, "अवं, हा तं कोल्हा!" सासू शांतपणे म्हणते, "पह्यल्याच दिशी पायलं मी. जावई म्हटला का खाणारच. हा निदान रातची जागल तं करते वावराची!"

इंदू पोट धरून हसली. घरी जाऊन शेवट लिहिला आणि भावाची वाट पाहत बसली.

गाडी रूळ सोडून गेली नाही. प्रभाकरचा नुसता डोळा लागला, पांढुर्णा मागं पडलं आणि तो पुढच्या तिगाव स्टेशनात जागा झाला. संध्याकाळी संत्र्याच्या ट्रकात बसून आला तेव्हा लीलाबाई ओट्यावर उभीच होती.

"पाह्य! म्हटलं होतं का नाही? हे गोष्ट छापाची नाही. छापली तं पोट्टे दिवसाच वाचतीन. किती मामे भटकवतं तू?"

"मावशी, माह्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईनं असलं काही मानायचं असते का?" इंदू म्हणाली.

"तू नको मानू. गोष्ट माही हाय."

प्रभाकर हळूच म्हणाला, "ताई, छापून टाक. तिले वाचता कोठी येते?" इंदूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं जेवायला बसला. तो सकाळी रिकाम्या हातानं परत गेला. दिवाळी हुकली.

इंदू चित्रकार नसती तर गोष्ट तिथंच मेली असती. तिनं सगळी चित्रं पुन्हा काढली. आभाळ काळं, वर चांदण्या, आणि चित्राचित्रात पेटता कंदील. मग ती लीलाबाईकडे गेली. "मावशी, पोट्टे केव्हाबी वाचू द्या. पुस्तकात रातच हाय."

लीलाबाईनं पानं उलटून पाहिली. "हं. मंग छाप."

छापखानेवाला कुरकुरला, "बाई, तुमच्या रात्रीनं माझी सगळी शाई प्यायली." पुस्तक संक्रांतीला निघालं. पुढं दहा वर्षं इंदूच्या सगळ्या पुस्तकांत रात्रच राहिली, आणि नागपूरचे जाणकार त्याला ‘शैली’ म्हणू लागले. म्हणोत बिचारे.

पुस्तक घरी आल्यावर लीलाबाईनं त्याची परीक्षा घेतली. प्रभाकर येणार त्या रविवारी, भर दुपारी, इंदूच्या पोरीला तिच्याच घराच्या ओट्यावर बसवून ‘कोल्हा जावई’ मोठ्यानं वाचायला लावली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसली. इंदू आत भाकरी थापत होती, म्हणजे तसं दाखवत होती. गोष्ट संपली. मामा नाही. पोरीनं पुन्हा सुरू केली. दुसऱ्यांदा सासूनं पुरणपोळी वाढली तेव्हा कुठं प्रभाकर कोपऱ्यावर दिसला.

"उशीर काऊन झाला रे?" लीलाबाई ओरडली.

"उतरलो बरोबर मावशी! बाजाराच्या गल्लीतून आलो, तं थोडा... भलतीकडंच निघालो."

लीलाबाईनं पोरीच्या हातातून पुस्तक घेतलं आणि एकेक चित्र बोटानं तपासत गेली. सासू पोळी वाढते त्या पानावर बोट थांबलं. आभाळ काळं होतं, चांदण्या होत्या. कंदील नव्हता.

तिनं पुस्तक इंदूपुढं धरलं.

इंदूनं पिठाचे हात पुसले, शाईची दौत आणि कुंचला आणला आणि खाली बसून सासूच्या मागच्या खुंटीला कंदील टांगला. घरात आलेल्या बाकीच्या सगळ्या प्रतींतसुद्धा.