रोवलेला पाय

गेल्या वर्षी मी मैदानात एक खोटी शिट्टी वाजवली, आणि तीही माझ्याच मुलीविरुद्ध. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या शाळेच्या मैदानावर मुलींचं बास्केटबॉल चालतं. कॉलेजात खेळलो होतो, म्हणून पालकांनी मलाच पंच केलं. 'पिव्हट' हा शब्द मुलीला मीच शिकवला होता. चेंडू हातात आला की एक पाय जमिनीवर रोवायचा आणि त्याच्याभोवती अख्खं अंग हवं तिकडे फिरवायचं. रोवलेला पाय सरकला की चेंडू समोरच्यांचा.

"मराठीत काय म्हणतात याला?"

"जात्याचा खुंटा असतो ना, तसं."

"जातं कुठे पाहिलंय मी, बाबा? पिव्हटच बरं."

मग ती स्वयंपाकघरातसुद्धा एका फरशीवर गरगरत असायची. डाव्या बुटाचा तळ चवड्याखाली गोल झिजला होता.

त्या दिवशी समोर कात्रजचा संघ होता. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं मागे. माझ्या पाठीमागे त्यांच्यातले एक पालक म्हणाले, "पंच घरचेच आहेत. चला, आपण चहा घेऊन येऊ."

तेवढ्यात मुलीनं चेंडू घेतला, वळली आणि बास्केट केली. तिचा पाय जागचा हलला नव्हता. मी स्वतः पाहिलं होतं. तरी मी शिट्टी वाजवून बास्केट रद्द केली. आम्ही हरलो.

"वा, निःपक्षपाती माणूस," ते गृहस्थ म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरं वाटलं.

"पाय हलला नव्हता, बाबा."

"पंचाशी वाद घालायचा नसतो."

त्यानंतर ती माझ्याशी खेळाबद्दल बोलेनाशी झाली. मी बघत असलो की चेंडू आल्या आल्या दुसरीकडे टाकून द्यायची. मी पंचाचं काम सोडून शिट्टी परत केली. माझ्यामुळे हिचा खेळ सुटणार, ही भीती वर्षभर होती. मग एकदा दारात तिचे नवे बूट दिसले. डावा तळ पुन्हा गोल झिजलेला. म्हणजे सराव चालू होता, फक्त माझ्यापासून लपवून.

यंदा अंतिम सामन्यात पुन्हा कात्रजच. पंच बाहेरचे, मी पायऱ्यांवर. पुन्हा एका गुणानं मागे, आणि चेंडू तिच्याकडे. दोघी अंगावर आल्या. तिनं डावा पाय रोवला, उजवीकडे वळली, तशीच उलट फिरली. दोघी भलत्याच बाजूला गेल्या. चेंडू जाळीतून खाली आला आणि शिट्टी वाजली. मी आधी तिच्या पायाकडे पाहिलं. पण ती सामना संपल्याची शिट्टी होती. आम्ही जिंकलो होतो. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं, आणि मी या वयात पायऱ्यांवरून उड्या मारत खाली धावलो.

तेच गृहस्थ टाळ्या वाजवत म्हणाले, "पंच बाहेरचे असूनही जिंकलात की."

"गेल्या वर्षीही जिंकलो असतो," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखतच मुलीकडे वळलो. "तुझा पाय हलला नव्हता. मला दिसलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून मी शिट्टी वाजवली. चुकलो मी, बाळा. मला माफ कर."