सातव्या दगडापाशी वाचलेला कागद

आमच्या शेतावरच्या गोठ्यात एक गाय अडली होती, तेव्हा दौलतबापूंना मी पहिल्यांदा पाहिलं. मी नऊ वर्षांची होते. गावातली शाळा शेतापासून लांब, म्हणून वडीलच मला घरी शिकवत. एक अक्षर चुकलं तरी सगळी पाटी पुसायला लावत. बापू तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते. गाय सुखरूप सुटल्यावर त्यांनी तापमापी माझ्या हातात दिली आणि आकडा विचारला. मी सांगितला.

"पुन्हा एकदा पाह्य, बेटा."

आकडा वेगळा निघाला. मी रडवेली झाले. बापूंनी वहीत दुसरा आकडा लिहिला आणि म्हणाले, "म्हणून तं दोनदा पाहा लागते." पाटी पुसावी लागली नाही, याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं.

बापूंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या समितीने मला 'गावात पवनचक्क्या आणणारे बापू' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. तसं मला लिहिता येत नाही, कारण पवनचक्क्या अजून आलेल्या नाहीत. येतील की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्या लांबल्या त्यात माझ्या एका चुकीचा वाटा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बापूंविषयी बोलणं मला बरोबर वाटत नाही.

फुलसावंगीच्या पलीकडे आमच्या गावामागे मोठा माळ आहे. तिथे वाऱ्यावर वीज करण्यासाठी एका कंपनीचे साहेब जागा पाहून गेले. गावात दोन तट पडायला लागले होते. बापू म्हणाले, कंपनीच्या कागदावर हो-नाही करत बसण्यापेक्षा आपणच आपला प्रस्ताव करू. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी माळावर जात. कुठे पवन्या गवत उगवतं, कुठे मारवेल, कुठे घाणेरीच्या झुडपांनी कुरण गिळलं, हे त्यांना पाठ होतं. पवनचक्क्यांसाठी त्यांनी सात जागा सुचवल्या आणि प्रत्येक जागेवर चुना लावलेला दगड ठेवला. बदल्यात गावाने मागायचं ते असं: घाणेरी काढून कुरण पुन्हा उभं करायचं, चराई पाळीपाळीने, गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीन बायकांचा, उन्हाळ्यात वस्तीला पाणी, आणि देखभालीच्या कामावर गावातलीच मुलं-मुली. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक वाक्य चार-चारदा तपासत असे, तरी झोप लागत नसे. ग्रामसभेत प्रस्ताव मंजूर झाला. आठ दिवसांत तो कंपनीकडे द्यायचा होता.

बापूंचा एक नेम आहे. ज्या जागेचा कागद, तो त्या जागेवर उभं राहून, तिथे वावरणाऱ्या माणसांना वाचून दाखवायचा. ग्रामसभेनंतरही त्यांनी तो सोडला नाही. आषाढ सरत आला होता. गवत कापणाऱ्या पाच-सहा बायकांना घेऊन आम्ही एकेका दगडापाशी थांबत गेलो. सातव्या दगडापाशी मी वाचलं, "या ठिकाणच्या गवतात पक्ष्यांची वीण होत नाही."

त्या बायकांतल्या शेवंताकाकू हसायलाच लागल्या. "वं पोरी, तू कवा आलती इथं?"

"वैशाखात."

"वैशाखात तणमोर काहून येईन? थो आखाडात येते. गवताच्या वर उड्या मारते, बायकोले दाखवाले. तुह्या कागदाले विचारून येते का थो?"

बायका हसल्या. बापूंनी फक्त विचारलं, "काकू, तुमी सोता पाह्यलं?"

"तं काय कोनी सांगतलं म्हनून सांगून राह्यली का मी?"

दुसऱ्या दिवसापासून तीन सकाळी बापू, काकू आणि मी भिजत त्या गवतात बसलो. बापूंचे गुडघे दुखतात. ते एका लहान स्टुलावर बसत. तिसऱ्या दिवशी काळापांढरा पक्षी गवतातून पुरुषभर उंच उसळला आणि पुन्हा आत गेला. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, दिसला. ते म्हणाले, "थांब. दुसऱ्यांदा पाहू." तो पुन्हा उडाला, तेव्हाच त्यांनी वही उघडली.

कंपनीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एक जागा हलवली तर सगळी आखणी नव्याने करावी लागेल. दुसरी गावंही रांगेत आहेत. पुन्हा ग्रामसभा बसली. सरपंच चिडले होते. "एका पाखरापायी गाव थांबवता का बापू? तुमाले पेन्शन हाये, आमच्या पोराइले काम पायजे."

"पाखरापायी नाही," बापू म्हणाले. "आपन सह्या केल्या थो कागद खोटा निंगाला, त्याच्यापायी."

मग त्यांनी मला उभं केलं. माझी चूक त्यांना सहज झाकता आली असती, पण त्यांनी ती मलाच सांगायला लावली. मी सांगितली. आवाज मागपर्यंत पोचला नाही, म्हणून पुन्हा सांगितली. मी खाली बसण्याआधी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वैशाखात पाहनी करा, हे म्याच सांगतलं होतं. हेही लिहून घ्या." ते खरं होतं. पण मलाही ते तेव्हाच आठवलं.

सातवी जागा जुन्या खाणीकडे सरकवून प्रस्ताव नव्याने गेला. त्याला पावसाळा उलटून गेला. उत्तर आलेलं नाही. काही घरी बापूंना अजून चहा विचारत नाहीत. ज्यांची मुलं कामाच्या आशेने थांबली होती, त्यांच्यासमोरून जाताना माझी मान खाली जाते. आमचं बरोबर होतं असं मला वाटतं. तरी रोज एकदा तरी वाटतं, त्या दिवशी काकू आल्या नसत्या तर?

बापूंना मी हे एकदा बोलून दाखवलं. त्यांनी समजूत घातली नाही. खाणीकडच्या जागेविषयी स्वतः लिहिलेली चार पानं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हे तपासून दे. माह्या चुका काढ." आयुष्यभर माझंच कोणी ना कोणी तपासत आलं होतं. बापूंच्या पानांत मला दोन चुका सापडल्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या, आणि दुसऱ्या दिवशी आणखी पानं दिली.

या माळावर घाणेरीखालून मोकळ्या झालेल्या एका तुकड्यात बापूंनी पवन्याचं बी टाकलं आहे, कंपनीची वाट न पाहता. ते म्हणतात, कुरण जमायला पाच-सात वर्षं लागतात आणि दर आषाढात ते पाहावं लागतं. स्टूल मी उचलीन. पण पाहायला बापूच हवेत.

बापू, हा लेख समितीकडे देण्याआधी तुमच्या ओट्यावर बसून मी तो तुम्हाला वाचून दाखवणार आहे. ज्या माणसाचा कागद, तो त्या माणसासमोर. चुकेल तिथे थांबवा, पुन्हा पाहायला लावा. मला थांबवायला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं, चालत्या पायांनी, आमच्यासमोर असा.