सुरूच्या बनापलीकडची माणसं

टीचर आधी छातीवर क्रूस करायच्या आणि लगेच हातही जोडायच्या. सुरूच्या बनापलीकडच्या वाळूत हे असं रोज संध्याकाळी चाले. विचारलं तर म्हणत, "कोण कोणाचे, माका काय ठावक? दोनय केलेलां बरां."

आम्ही आचऱ्याच्या बाजूला एकाच शाळेत शिकवायचो. त्यांचे वडील तरुण असताना, महायुद्धात, आमच्या किनाऱ्याला प्रेतं लागली होती. कुठल्याशा छावणीत कोंडलेले कैदी, बोटीने हलवताना बुडालेले, असं वडील सांगत. सदऱ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. गावाने त्यांना बनापलीकडच्या वाळूतच पुरलं. मरताना वडिलांनी टीचरांना बजावलं, "त्येंच्यार कोणाचो पाय पडूक नको."

टीचर गणित शिकवत. पण तिथे किती जण आहेत विचारलं, की दर वेळी वेगळा आकडा सांगत.

मग तिथे पर्यटकांच्या गाड्या लावायचं ठरलं आणि जेसीबी आला. टीचर छत्री घेऊन आडव्या उभ्या राहिल्या. युद्ध, छावणी, प्रेतं, सगळं सांगून झालं. ड्रायव्हर मान डोलवत होता, मशीन काही बंद करत नव्हता. शेवटी टीचरांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हंय देवचार आसा!"

गावाची राखण करणाऱ्या देवचाराशी पंगा कोण घेणार? मशीन तिथल्या तिथे बंद. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर स्वतः नारळ घेऊन हजर. आम्ही पोट धरून हसलो. "आता फादरांक काय सांगू?" टीचर डोळे पुसत म्हणाल्या.

नारळामागून कोंबडे आले, देवचाराला हात जोडून गाऱ्हाणी घालणं सुरू झालं. ड्रायव्हरला नवसाची मुलगी झाली. मग भक्तांनी चौथरा आणि चार खांबांची शेड बांधायचं ठरवलं. टीचर बैठकीत उभ्या राहिल्या. "देवचार नाय हो, मी खोटां बोललंय. खाली माणसां आसत."

ड्रायव्हर अगदी मायेने म्हणाला, "टीचर, खोटो कसो? माका पावलो ना तो!"

त्या तडक माझ्याकडे आल्या. "मास्तर, मी खोटां बोललंय की खरां?"

खांबांचे खड्डे खणताना टीचर काठावर उभ्या होत्या. कमरेएवढी वाळू निघाली, हाड एकही नाही. मला वाटलं, चला, सुटल्या. पण त्यांचा चेहरा बघवेना. "मग गेले खंय सगळे?"

वडिलांनीच जागा चुकीची दाखवली? की किनारा सरकला? कोण सांगणार?

त्यानंतर टीचर चपला हातात घेऊन सगळ्याच किनाऱ्यावर चवड्यांवर चालायच्या. पर्यटक हसत. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

टीचरांना चर्चच्या आवारात पुरून मी परस्पर बनापलीकडे गेलो. शेडमध्ये कुणीतरी नुकताच नारळ फोडून गेलं होतं. मी चपला काढून हातात घेतल्या. एक पाय उचलला, आणि तो कुठे टेकवावा हे न कळून तसाच उभा राहिलो.