डॉक्टरांचा तिम्मा आमच्या दारात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्या घरच्यांना विचारा हवं तर. अंगात येणं, करणी, नजर... काही म्हणजे काही पटत नाही मला. त्यातून माझा अनुभव एका घोड्याचा! सांगितला की लोक आधी हसतात. हसा, पण सगळं वाचून मग हसा.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. धारवाडात मळमड्डीला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. मी, माझे यजमान, सासूबाई आणि लग्नाची नणंद शांता. यजमान शाळेत मास्तर. आमचं लग्न होऊन वर्ष होतंय तोच त्यांना विषमज्वर झाला. डॉक्टर रोज टांग्यातून येत, नाडी बघत, धीर देत. माझं कुंकू त्यांनी राखलं, हे मी आजही म्हणते. पण मग कंपाउंडर बिल घेऊन आला, आणि ते वाचताना यजमानांचा चेहरा बघून मला वाटलं, ताप उलटला! सासूबाईंनी तो कागद देवांपुढे ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. देवांनी काही तो फेडला नाही. घरात पैसे होते ते शांताच्या हुंड्याचे, आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरलेलं.

डॉक्टर स्वतः फार भिडस्त. "इरली बिडरी मास्तर, असू द्या हो, सवडीनं द्या," एवढंच म्हणायचे. मागायचं काम त्यांच्या घोड्यानं अंगावर घेतलं होतं. तिम्मा त्याचं नाव. तांबडा, पोट सुटलेला, डोळे अर्धे मिटलेले. सकाळच्या फेरीत, ज्यांचं बिल थकलंय त्यांच्या दारासमोर तो आपणहून थांबायचा. टांगेवाला इमामसाब "नडियो तिम्मा, नडि!" म्हणून ओरडायचा, पण हा ढिम्म. डॉक्टर बिचारे ओशाळून आभाळाकडे बघत बसायचे. गल्लीला कळायचं ते कळायचं.

"सवयीचा प्राणी आहे, रोज थांबत होता म्हणून थांबतोय," मी सासूबाईंना समजवायची.

"मग शेजारच्या वकिलांकडं का थांबत नाही गं? त्यांच्याकडं पण येत होते की डॉक्टर! त्यांनी पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवसापासनं हा बघत पण नाही तिकडं."

टापा ऐकू आल्या की यजमान मागच्या दारानं, विहिरीला वळसा घालून शाळेत पळत. सासूबाई गुळाचा खडा घेऊन बाहेर जात, तो चघळून झाला की ते ध्यान हलायचं.

अशात शांताला बघायला गदगची माणसं यायची ठरली. मुलगा कोर्टात कारकून, चांगला होता. शांताला त्याआधी नकार आलेले होते. आदल्या दिवशी माझ्याजवळ बसून ती म्हणाली, "वैनी, हे पण मोडलं तर मी परत कुणापुढं बसणार नाही बघा." तिम्माची फेरी सकाळची, म्हणून आम्ही मुद्दाम दुपारची वेळ दिली होती... आणि मंडळी सकाळच्याच गाडीनं हजर! मुलगा आणि त्याचे काका. काका धिप्पाड, जरीकाठी रुमाल बांधलेले. उप्पीट खाता खाता त्यांनी यजमानांना हुंड्याचा आकडा सांगितला — आमच्याकडे होते त्याच्या कितीतरी वर. "शिवाय चांदीची भांडी," असं ते म्हणतायत, तोच बाहेर टापा वाजल्या. आणि थांबल्या.

"कुणाचा टांगा हो?" काकांनी विचारलं.

"डॉक्टरांचा. घरोबा आहे आमचा," सासूबाई म्हणाल्या. "रोज थांबतात."

"रोज? घरात दुखणंबिखणं आहे काय?"

आता काय सांगणार? दुखणं म्हणावं तर लग्न मोडतं, उधारी म्हणावी तरी मोडतं. सासूबाई त्यांच्या बशीत आणखी उप्पीट वाढायला लागल्या. शांता मान खाली घालून बसली होती, तिची बोटं पदराला पीळ घालत होती. काका उठले. "मीच विचारतो डॉक्टरांना," म्हणून ते पायरीवर गेले.

आणि आमच्या दारात गुळाशिवाय कधी न हलणारा तिम्मा हलला. टांगा ओढत पुढं आला आणि काकांच्या नाकासमोर उभा राहिला. काका डावीकडे सरकले, तोही सरकला. उजवीकडे सरकले, तर तिकडं. इमामसाब लगाम ओढून दमला. डॉक्टरांनी चष्मा वर केला.

"अरे, गदगचे रामराव ना तुम्ही? मी तिथं नवा होतो तेव्हा तुमच्या पाठीवरचं गळू कापलं होतं. बरं आहे ना आता?"

काकांचा रुमाल घामानं भिजला. "ते... द्यायचं राहूनच गेलं तेव्हा," ते पुटपुटले.

"इरली बिडरी. सवडीनं द्या."

काका आत आले. पाणी प्याले. "मुलगी पसंत आहे. हुंडा नको, भांडी नकोत," म्हणाले. मग यजमानांच्या कानाशी लागून, "मास्तर, मागनं वाट आहे काय हो?"

यजमानांनी ती फार प्रेमानं दाखवली.

हुंड्याचे पैसे वाचले, त्यातूनच डॉक्टरांचं बिल दिलं. यजमान संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन देऊन आले, तेव्हा तिम्मा तबेल्यात होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई गूळ घेऊन उभ्या, आणि तो मान न वळवता पुढं गेला. "ओळख पण देईना गं!" त्या हिरमुसून म्हणाल्या. खरं सांगते, मलाही वाईट वाटलं.

इमामसाबला मी खोदून खोदून विचारलं. काका गदगला गळू दाखवायला गेले तेव्हा तिम्मा जन्मला पण नव्हता. डॉक्टरांनी त्याला घेतला धारवाडात आल्यावर.

एवढंच असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पण शांता सासरी गेल्यावर काही महिन्यांनी, एका सकाळी तिम्मा परत आमच्या दारात थांबला. कुणाचं एक पैशाचं देणं नव्हतं! सासूबाई प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागल्या. यजमान सवयीनं मागच्या दाराकडे पळाले. मी गूळ घेऊन बाहेर गेले, तर गुळाच्या वासानंच मला मळमळायला लागलं, आणि मी तिथंच पायरीवर बसले.

डॉक्टर टांग्यातून उतरले, नाडी बघितली आणि हसायला लागले. थोरला मुलगा माझा तो.

तिम्माला कसं कळलं, ते मला अजून सांगता येत नाही. त्या दिवशी मी फीचं काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "इरली बिडरी, सवडीनं द्या."