शेवंतामावशीचं फॉरेस्ट कार्ड

आमच्या बँकेच्या जोयड्याच्या ब्रँचमध्ये काम थांबलं की किस्से जमतात, आणि काम तर रोजच थांबतं. झाड पडलं की लाइट जाते, लाइट आली की नेटवर्क जातं, आणि दोन्ही जागेवर असली की प्रिंटर रुसतो. समोरच्या बाकावरची माणसं मात्र हलत नाहीत. अणशीहून बस धरून आलेला माणूस काम झाल्याशिवाय उठेल कशाला? मग बसल्या बसल्या बोलणं निघतं.

मी मूळची खानापूरची, राहते रामनगरात, बसते कॅश काउंटरवर. इतकी वर्षं ऐकून एक गोष्ट पक्की कळलीय. आमच्या गिऱ्हाइकांचा देवावर विश्वास आहे, म्हशीवर आहे, बँकेवर नाही. खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. मीसुद्धा घराचं कुलूप दोनदा ओढून बघते.

* * *

रामनगरचे हणमंतशेट. सिमेंट-पत्र्यांचं दुकान, पैसा बऱ्यापैकी, संशय त्याहून जास्त. एटीएम कार्डाचा पिन त्यांनी वाटून टाकलाय. पुढचे दोन आकडे बायकोला, मागचे दोन धाकट्या भावाला.

पैसे काढायचे झाले की वहिनी आणि दीर जोडीनं येतात. वहिनी आपले दोन आकडे दाबते तेव्हा दीर भिंतीकडे तोंड करतो. दिराची पाळी आली की वहिनी भिंतीकडे वळते. एकदा मी विचारलं, "शेट, तुम्हाला तरी अख्खा पिन ठाऊक आहे ना?"

"न्हाई. मुद्दाम इसरलो. कुठं झोपेत बडबडलो म्हंजे?"

* * *

याच शेटना सिमेंट कंपनीनं इतर डीलरांबरोबर सिंगापूरला नेलं. तिथल्या दुकानात नातवासाठी बूट घेतले आणि कार्ड पुढं केलं. मशीननं पिन मागितला.

शेटनी आधी रामनगरला बायकोला फोन लावला. मग भावाला. भाऊ म्हणाला, "वैनीनं सांगितलं काय? मग मी सांगतो." मागं रांग लागलेली. पिन जमला, तर मशीननं नवंच विचारलं, पैसे रुपयांत घेऊ की इथल्या डॉलरांत? शेटना भरून आलं. परमुलखात कुणीतरी रुपयाची विचारपूस केली! त्यांनी रुपया दाबला.

परत येऊन हिशेब बघितला तर मशीननं रुपयाचा भाव आपल्या मनानं लावलेला. डॉलर दाबला असता तर बूट स्वस्तात पडले असते. तेव्हापासून शेट बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "भायेरदेशात कुनी रुपयाचं नाव काढून गोड बोललं की पयला खिसा धरायचा." एकदा हे ऐकणाऱ्यांत अणशीच्या शेवंतामावशी होत्या. त्यांनी मान हलवली आणि कमरेची पिशवी चाचपली.

* * *

शेवंतामावशी म्हणजे अणशीची एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. भाताचं थोडं शेत, परसात कंद आणि शेजारी दीर बाबलीचं घर. एकुलती एक लेक मस्कतला नर्स आहे. तिचं बाळंतपण जवळ आलेलं, आणि मावशींना तिकडे जायचं होतं. जाण्यायेण्याचं आपण बघतो असं लेक म्हणाली होती. पण मावशींचं म्हणणं, बाळाच्या हातावर ठेवायचं ते आजीच्या पैशातलं असावं. म्हणून तिकडे चालणारं कार्ड हवं.

आमचे मॅनेजरसाहेब धारवाडकडचे, मराठी कानडी वळणाचं. चांगला माणूस, पण फोनवरून फसवणाऱ्यांबद्दलचं ट्रेनिंग झाल्यापासून त्यांना सगळीकडे चोर दिसतात. त्यांनी मावशींना समोर बसवलं.

"परदेशचा कार्ड काढा म्हणून तुम्हाला कोण सांगितलं?"

"लेकीनं."

"फोनवर?"

"मग काय झाडावरनं?"

"फोनवर बोलली ती तुमची मुलगीच कशावरून? आजकाल आवाजसुद्धा खोटा करतेत."

मावशी खुर्ची पुढं ओढून बसल्या. "साएब, पैल्या रडन्यापास्नं वळकते मी तिचा आवाज. तुमीच खरं बँकेचं कशावरनं, ते सांगा आधी."

साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र उलटं होतं ते सरळ केलं.

* * *

मग साहेबांनी नीट समजावलं. एक तर साधं डेबिट कार्ड बाहेरदेशासाठी चालू करून घ्यायचं, पण त्यात प्रत्येक खरेदीवर वरकड कापतात. दुसरं क्रेडिट कार्ड, ते मावशींना मिळणं अवघड. तिसरं, जायच्या आधीच तिकडचे पैसे भरून न्यायचं कार्ड. भाव आजचा, कापाकापी कमी. "अम्मा, तुमच्यासाठी हेच बेस्ट. फॉरेक्स कार्ड."

मावशी ताडकन उठल्या आणि चालू लागल्या. मी काउंटर सोडून दारापर्यंत मागे गेले. "मावशी, काय झालं?"

"मला फॉरेस्टचं कार्ड नको."

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगायला हवं. अणशी वाघांच्या जंगलात आहे. जंगल सोडून बाहेर राहायला जाणाऱ्याला फॉरेस्टवाल्यांकडून पॅकेज मिळतं. सही करायची, खात्यात पैसे येतात, घर आणि शेत सोडायचं. कुणी घेतलं, कुणी घेतलं नाही, आणि घेणाऱ्याशी बाकीचं गाव फटकून वागतं. मावशींनी घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हत्या. तेव्हा फॉरेस्ट हा शब्द बँकेत ऐकला की माणूस आधी आपला अंगठा मुठीत धरतो.

साहेबांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. फॉरेक्स वेगळं, फॉरेस्ट वेगळं. मावशींबरोबर बाबली आला होता. त्यानं कागद उलटसुलट केला.

"येकाच अक्षराचा फरक हाय साएब. फसवनाऱ्याला तेवढा रग्गड झाला."

* * *

मी म्हटलं, जाऊ दे ते नाव. चार पैसे जास्त कापले तरी चालतील, साधंच कार्ड घ्या. जुनं कार्ड बाहेर चालणारं नव्हतं म्हणून नवं मागवलं. हुबळीहून पाकीट आलं, मी मावशींच्या समोर फोडलं आणि कपाळावर हात मारला.

कार्ड हिरवंगार. वर मोठं पान. पर्यावरण का काय म्हणून कुणीतरी हौसेनं काढलेलं.

बाबलीनं ते लांबूनच बघितलं. "झाड काडलंय. आता वाग तेवडा ऱ्हायलाय."

ते दोघं घरी पोचायच्या आत बातमी पोचली, शेवंतानं फॉरेस्टचं कार्ड घेतलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारणी मावशींच्या अंगणात येईनात. लावणीच्या वेळी एकमेकींच्या शेतात जायची रीत आहे, त्यांच्या शेतात कुणी उतरलं नाही. एकटीनं चिखलात उभं राहून त्यांनी जमेल तेवढं लावलं. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पण कुणावर काढणार?

* * *

शेवटी गावानं ठरवलं, देवाला कौल लावू. आमच्याकडे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कार्ड देवापुढं ठेवलं, गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "ह्या कार्डापासून घरा-शेताला काय बाधा न्हाई, तर उजवी दे." सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. उजवी पडली.

मावशींनी डोळ्याला पदर लावला. बायका हसल्या, कुणी गूळ वाटला. बाबली तेवढा जागेवरून हलला नाही.

"देवानं दिली ते खरं," तो म्हणाला. "पर पाकळी चिकटवली कुनी? गुरवाचा भाऊ फॉरेस्टात वॉचर हाय."

* * *

मावशी गोव्याहून विमानानं गेल्या. थोड्याच दिवसांत बाबली एकटाच बँकेत आला. बाक रिकामा होईपर्यंत बसला, मग काउंटरशी येऊन धोतराच्या सोग्यातलं पुडकं पुढं ठेवलं. सुपारी विकलेले पैसे होते.

"अक्का, हे वैनीच्या खात्यात घाला. तिकडं तिच्या कार्डात दिसंल न्हवं?"

"दिसेल. पण लेक बघते म्हणाली ना जाण्यायेण्याचं?"

"जायाचं बगितलं. यायाचं बगनार न्हाई ती." त्यानं आवाज खाली केला. "लेक चांगली हाय, तेच भ्या वाटतंय. ऱ्हा म्हनंल, उद्या जा म्हनंल. वैनीनं परतायच्या भाड्याला लेकीपुढं हात पसरायचा काय? आनी घर रिकामं ऱ्हायलं की..."

त्यानं खिडकीतून जंगलाकडे बोट केलं. पावती घेऊन लहान घडी करत म्हणाला, "माजं नाव तिला सांगू नका."

नाही सांगत, मी म्हटलं. इतके दिवस मी या माणसाला आडमुठा समजत होते.

* * *

मावशी आल्या त्या भातं पोटरीला, लोंब्या फुटायच्या बेतात असताना. तिसऱ्या दिवशी बाबलीला घेऊन बँकेत हजर. नातीचा फोटो सगळ्यांना दाखवला, साहेबांनासुद्धा. मग पासबुक माझ्यासमोर आपटलं.

"बाई, ह्यात काय लिवलंय ते वाचा."

"का, काय झालं?"

"लेक सोडीना. आज ऱ्हा, उद्या ऱ्हा. जावई म्हनाला, हितंच ऱ्हायचा कागद करतो, निस्ती सही करा. मी म्हटलं, फॉरेस्टला सही दिली न्हाई, ती तुला देऊ व्हय? मग तिच्या मैत्रिनीला धरलं आनी तिकीट काडाय गेले. माज्या खात्यातल्या पैशात तिकीट बसनार न्हाई, मला ठावं हुतं. म्हटलं, बगू तरी. कार्ड घातलं आनी मशीन व्हय म्हनालं." त्यांनी आवाज चढवला. "तवाच मला संशय आला."

मी पासबुक उघडलं. रोख भरलेली रक्कम तिथं स्वच्छ छापलेली होती.

"मी हितं नसताना कुनी पैसे घातले? पॅकेजचंच न्हवं हे? मी सही केलेली न्हाई. आताच्या आता ज्याचं त्याला परत द्या. मी अनशी सोडनार न्हाई."

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. मी त्यांच्या खांद्यावरून मागे बाबलीकडे बघितलं. बाबलीनं छताच्या पंख्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "मी तवाच म्हटलं हुतं, वैनी. फॉरेस्टचंच काम हाय."