दुसऱ्याचा श्वास

"बटन नक्को! आँ, बटन नक्को दबाव!"

गौलीगुड्यातल्या आमच्या इमारतीत सकाळी अशी हाक ऐकू आली, की समजायचं, खालच्या मजल्यावरचे काका तळ्यातून आले आहेत आणि नळाशी कुणीतरी त्यांच्या बादलीत हात घातला आहे.

काका कंत्राटावरचे पाणबुडे. तळ्यात बुडालेली माणसं वर काढायचे, कधी मोटारी. बादलीत असायचा रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारी नळी आणि तिच्या टोकाचा, दातांत धरायचा रबरी तुकडा. टाकीकडच्या टोकाला कोरडं टोपण घट्ट बसवायचं, मगच तो स्वच्छ पाण्यात बुडवायचा. बुडालेला असताना तोंडाजवळचं बटन दाबलं तर पाणी आत शिरतं. "बाहेरून दिसत नाही," काका म्हणायचे. "खाली गेल्यावरच कळतं." मग तो झटकून जिन्याखालच्या सावलीत, नळी मोडणार नाही असा टांगायचा.

"काका, तळ्याचा वास आमच्या भाताला लागतो!" वरच्या वहिनी ओरडायच्या.

"मग बिर्याणी समजून खावा, वहिनी. ही नळी तोंडात घालायची चीज आहे, धुताना घाई नक्को."

तुम्ही म्हणाल, धुणंच ते. पण काका स्वतःचा रेग्युलेटर कधीच धुवत नसत. ते जोडीदार यादगिरीचा धुवायचे आणि यादगिरी त्यांचा. दोघांनी ठरवलेला नियम होता. "आपलं धुताना माणूस चलता है म्हणतो," काका सांगायचे. "दुसऱ्याचा श्वास हातात असला की हात चुकत नाही." यादगिरी शेजारी बसून हसायचा. "अन्ना, मेरा जरा प्यार से धो."

माझ्या घरी लहानपणापासून गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा कामगारांच्या हक्कांची पत्रकं जास्त. मी काकांना विचारायची, "हे उघडून दुरुस्त कधी करतात?" ते म्हणायचे, "दर वर्षी करायला पाहिजे." म्हणजे होत नव्हतं. कंत्राटदार दर वर्षी पुढच्या वर्षाचं सांगायचा. अशा 'पुढच्या वर्षा'वर या शहरात किती माणसं जगतात, ते तुम्हीही पाहिलं असेल.

एका दुपारी यादगिरी खाली गेला आणि त्याच्या कमरेला बांधलेल्या, काकांच्या हातातल्या दोरीला एकच हिसका बसला. काकांनी त्याला वर आणलं तेव्हा रबरी तुकडा तोंडाबाहेर लोंबत होता आणि श्वास थांबलेला होता. कंत्राटदाराने रेग्युलेटर तपासणीसाठी म्हणून तिथूनच उचलून नेला. तो परत कुणी पाहिला नाही. संध्याकाळी कंत्राटदाराने सगळ्यांसमोर निकाल दिला: "ज्याने धुतला त्याची चूक."

मी रात्रीतून पत्रक लिहिलं. दुरुस्ती नाही, तपासणी नाही, खून आहे हा! आबिड्सच्या चौकात वाटलं. लोकांनी घड्या घालून खिशात ठेवलं. एक प्रत काकांच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुम्ही बोला. तुम्ही बोललात तर कंत्राटदार सुटणार नाही."

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तुझा कागद खरा आहे, बेटा. पण माझे हात? त्याचा शेवटचा धुतला त्या दिवशी तू नळावर होतीस ना? पाहिलंस तू?"

"तुम्ही कधीच बटन दाबत नाही, काका."

"कधीच नाही ते मलाही माहीत आहे. मी त्या दिवसाचं विचारतोय."

त्या दिवशी मी घागर भरत होते. त्यांच्या हातांकडे माझं लक्ष नव्हतं. मी तसंच सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "चल. तिला विचारतो. ती बोलेल ते खरं."

यादगिरीची बायको बरकतपुऱ्यात एका बंगल्यामागच्या खोलीत राहायची. आम्ही गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. काका दाराबाहेर चपला काढून आत गेले आणि जमिनीवरच बसले.

"मेरे हाथ से हुआ क्या? तू बोल. तू हाँ बोली तो हाँ."

"काकांचा दोष नाही," मी मध्येच म्हणाले. "कंत्राटदाराने..." तिने हात वर करून मला थांबवलं. सूप बाजूला ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुम्हारा कौन धोता था, अन्ना?"

"यादगिरी."

"वोइच ना? तुम तो ऊपर आ गए."

तिला नवऱ्याचं कौतुक करायचं होतं की काकांना शिक्षा द्यायची होती, मला आजही कळलेलं नाही. काका उठले. बाहेर पडले आणि अनवाणीच चालू लागले. ऊन होतं, रस्ता तापला होता. ती त्यांच्या चपला उचलून "अन्ना! अन्ना!" करत मागे धावली. कोपऱ्यापर्यंत मला तिचा आवाज ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने ती परत आली. चपला तिच्याच हातात होत्या.