बोडी की पडाव

मंगळवारी खाणीचं खोदायचं मशीन बोडीत उतरलं. अब्बा ऑफिसला गेले नाहीत.

अब्बा एका कोळसा खाणीत नकाशे काढायचे. नव्वदच्या दशकात खाण वाढवायचं ठरलं, तेव्हा विमानातून काढलेले जमिनीचे फोटो त्यांच्या टेबलावर आले. एका फोटोत पळसाच्या झुडपांतून एक चौकोन दिसत होता. कोपरे गोल, आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध फट. असे चौकोन त्यांनी चंद्रपूरच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात पाहिले होते. वाळवंटातले रोमन सैन्याचे तळ होते ते. पायी जाणाऱ्यांना कधी दिसले नाहीत, विमानातून दिसले. रोमन आपल्याकडे आले नव्हते, हे अब्बांना कळत होतं. पण कुठलं तरी सैन्य इथे थांबलं असावं, असं त्यांना वाटलं. खोदण्याआधी कुणी जाणत्यानं येऊन ती जागा पाहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

एका रविवारी अब्बा आणि मी तिथे गेलो. गुडघाभर उंचीची मातीची पाळ, बाकी काही नाही. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला शेतकरी हसला.

"काय पाहून राह्यले जी चाचा? बोडी होय हे."

"पाणी राहते का, भाऊ?"

"नाई जी. इथी बेंडकाले बी घरून पाणी आणा लागते."

आमच्याकडे पाळ घातलेल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. पाणी सोडायला तिला एक तोंड असतं. इथे चार होती. अब्बा चारही तोंडांतून आत-बाहेर चालून आले.

पुरातत्त्व खात्याला अर्ज मी लिहिला. अब्बांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मी कॉलेजात मराठी घेतलं होतं आणि त्याची मला घमेंड होती. ते म्हणाले, "पडाव लिख. फौज का पडाव."

"मराठीत पडाव म्हणजे होडी, अब्बा. हसतील लोक. सातबाऱ्यावर बोडी आहे, तेच लिहिते."

ते म्हणाले, "तू पढी-लिखी है. तेरेको मालूम."

मी 'जुनी बोडी' असं लिहिलं. खाली वळणदार अक्षरात त्यांचं नाव घातलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर जागा बोडी असल्याचे अर्जदारानेच नमूद केले आहे, सबब पाहणीची आवश्यकता नाही. ते उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाची चूक मला आजही काढता येत नाही.

मशीन उतरल्यानंतर बुधवारी अब्बा कामावर गेले. "काय चाचा, पलटन निघाली का तुमची?" असं कुणी तरी विचारलं म्हणे. हे त्यांनी घरी जेवताना सांगितलं आणि स्वतःच हसले. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला भांडता तरी आलं असतं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी ते गेले.

ती बोडी होती की पडाव, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिथे खड्डा आहे.